पासफ्रेज बरोबर, तरी डिस्क उघडेना: घरी बांधलेल्या कर्नलचं नेहमीचं दुखणं

रात्री साडेअकराला घरी बांधलेला (सोर्समधून कंपाइल केलेला) ६.१२ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लॅपटॉपवर टाकला आणि रीबूट केलं. नेहमीप्रमाणे एन्क्रिप्टेड (कूटबद्ध) डिस्कची पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, विचारली गेली. मी दिली. उत्तर आलं: ‘क्रिप्टसेटप फेल्ड, बॅड पासवर्ड ऑर ऑप्शन्स?’ पुन्हा दिली, एकेक अक्षर मोजत. तेच उत्तर. तिसऱ्यांदा कॅप्स लॉकचा दिवा बघून दिली. परत तेच, आणि मग पडद्यावर बिझीबॉक्सचा शेल, म्हणजे आणीबाणीची आदेश द्यायची खिडकी, ज्यात घरच्या एकाही फाइलचा पत्ता नाही.

त्या ओळीतले पहिले शब्द वाचले की माणूस पासवर्डच्या मागे लागतो. शेवटचे दोन शब्द, ‘ऑर ऑप्शन्स’, कुणी वाचत नाही. मीही वाचले नाहीत. मी वापरतो त्या डेबियन लिनक्सची ही स्क्रिप्ट क्रिप्टसेटप या साधनाने डिस्क उघडली नाही की हेच वाक्य छापते, मग चूक तुमच्या बोटांची असो, क्रिप्टटॅब फाइलची (कोणती डिस्क कशी उघडायची याची यादी) असो किंवा कर्नलची. पंधरा मिनिटं मी पासफ्रेजच विसरलो असं धरून बसलो होतो.

मग ग्रब या बूटलोडरच्या (सुरुवातीला कर्नल निवडू देतो तो) मेनूतून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन डेबियनचा जुना कर्नल निवडला. तीच पासफ्रेज, तोच कीबोर्ड, पहिल्या फटक्यात डिस्क उघडली.

ही चाचणी सगळ्यात आधी करा. जुन्या कर्नलवर उघडली म्हणजे लक्सचं (लिनक्सवरच्या डिस्क-एन्क्रिप्शनच्या मांडणीचं) हेडर, जिथे किल्ल्या असतात, ठीक, पासफ्रेज ठीक, डिस्क ठीक. दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्यासोबत तयार झालेल्या इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे डिस्क उघडण्याआधी मेमरीत चालणाऱ्या छोट्या व्यवस्थेत. अर्धा प्रश्न तिथेच निकालात निघतो. तो निघेपर्यंत ‘लक्सफॉरमॅट’ (नवं हेडर लिहिणारा आदेश) या शब्दाजवळही जाऊ नका. सगळं काही ‘नव्याने’ करून बघण्याच्या नादात लोकांनी हेडरवर पाणी सोडल्याचं मी पाहिलंय, आणि हेडर गेलं की आतला डेटा म्हणजे निव्वळ कचरा. हेडरची प्रत ‘क्रिप्टसेटप लक्सहेडरबॅकअप’ने घेता येते; लक्स-२ ची साधारण १६ मेबीबाइटची फाइल होते. ती त्याच डिस्कवर ठेवू नका. आणि पुढे पासफ्रेज बदललीत तर जुनी प्रत जुन्या पासफ्रेजने उघडते हेही ध्यानात असू द्या.

एक खुलासा: खाली आदेश आणि पर्यायांची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, तिरकी रेघ दाबली की नावाने शोध घेता येतो, त्यामुळे पर्याय कोणत्या फांदीवर बसलाय हे पाठ करायची गरज नाही.

माझ्याकडे काय झालं होतं

लॅपटॉप दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा. त्यावर डेबियनच्या पूर्ण कॉन्फिगने (पर्यायांच्या यादीने) कर्नल बांधायला बसलं तर जेवण, झोप, सकाळचा चहा सगळं आटोपतं. म्हणून मी मामेभावाचा आठ कोअरचा डेस्कटॉप उधार घेतला आणि तिथे ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवलं. ही सोय २.६.३२ पासून कर्नलमध्ये आहे. या घडीला यंत्रावर कोणती मॉड्यूल्स (कर्नलचे गरजेनुसार चढणारे तुकडे) चढलेली आहेत ते ती बघते आणि बाकीची कॉन्फिगमधून काढून टाकते. हजारो मॉड्यूल्सची यादी शंभर-दीडशेवर येते, बांधणी काही मिनिटांत उरकते.

गोम अशी की ‘या घडीला चढलेली’ म्हणजे ज्या यंत्रावर आदेश दिला त्या यंत्रावर. मामेभावाच्या डिस्कवर एन्क्रिप्शन नाही. त्यामुळे डीएम-क्रिप्ट, म्हणजे कर्नलमधला डिस्क-एन्क्रिप्शनचा भाग, गेलं. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मेनूकॉन्फिग उघडून त्याचा पर्याय ‘क्रिप्ट टार्गेट सपोर्ट’ हाताने परत घातलं आणि स्वतःवर खूश झालो. वर चाचणीसुद्धा घेतली. त्याच्याच डेस्कटॉपवर नवा कर्नल चालवून माझा एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह उघडून पाहिला. उघडला! मग लॅपटॉपवर का नाही?

इथे डीएम-क्रिप्ट नेमकं काय करतं ते जरा उकलून सांगतो, कारण या दुखण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच येऊन थांबतात.

डीएम-क्रिप्ट स्वतः काहीच कूटबद्ध करत नाही. तो मध्यस्थ आहे. वरून फाइलसिस्टम म्हणते हा ब्लॉक लिही, तो ते काम कर्नलच्या क्रिप्टो विभागाकडे देतो आणि तिथून आलेला गुंतागुंतीचा मजकूर खाली डिस्कवर उतरवतो. क्रिप्टो विभागाकडे त्याने नाव घेऊन माणूस मागितला आणि तो माणूसच कामावर नसेल तर डीएम-क्रिप्ट असून नसल्यासारखा.

आता कोणाचं नाव घेतलं जातं? डीएम-क्रिप्ट कर्नलमध्ये आला तो २००४ साली, २.६.४ मध्ये. तेव्हाचा रिवाज कूटबद्ध करण्याच्या सीबीसी या पद्धतीचा. क्रिप्टसेटपने २०१३ च्या १.६ आवृत्तीपासून लक्ससाठी मूळ पद्धत बदलून ‘एईएस-एक्सटीएस-प्लेन६४’ (एईएस हा सायफर, एक्सटीएस ही तो डिस्कवर वापरायची पद्धत) केली, आणि आज इन्स्टॉलरने बनवलेली जवळजवळ प्रत्येक एन्क्रिप्टेड डिस्क तीच वापरते. पण तुम्ही मेनूत ‘क्रिप्ट टार्गेट सपोर्ट’ला टिक केलंत की तो आपल्यासोबत सीबीसी आणि तिच्या जोडीची ईएसएसआयव्ही आपोआप ओढून आणतो, एक्सटीएस आणत नाही. म्हणजे जुन्या जमान्याची सोय फुकट मिळते आणि आज लागते ती स्वतः मागावी लागते. डेबियनसारख्या वितरकांच्या कर्नलमध्ये सगळंच भरलेलं असल्याने हे कधी जाणवत नाही.

मग मामेभावाच्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह कसा उघडला? त्याच्या प्रोसेसरला एईएसच्या खास सूचना आहेत, ज्यांना एईएस-एनआय म्हणतात. त्या दिसल्या की ‘एईएसएनआय-इंटेल’ हे मॉड्यूल आपोआप चढतं, आणि त्याच्या पोटात एक्सटीएसची स्वतःची वेगळी आवृत्ती असते. सर्वसाधारण एक्सटीएस मॉड्यूलची तिथे गरजच पडत नाही. इंटेलने या सूचना २०१० मध्ये आणल्या खऱ्या, पण दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीला त्या दिल्याच नाहीत. माझ्या लॅपटॉपवर ते मॉड्यूल चढलं नाही, सर्वसाधारण एक्सटीएस लोकलमॉडकॉन्फिगने छाटलेलं, मग डीएम-क्रिप्टने हाक मारली ती रिकाम्या घरात.

हे कळलं ते कर्नलच्या नोंदींतून. बिझीबॉक्सच्या शेलमध्ये ‘डीमेसेज’ चालवलं आणि शेवटच्या ओळीत सापडलं: ‘डिव्हाइस-मॅपर: टेबल: क्रिप्ट: एरर अलोकेटिंग क्रिप्टो टीएफएम’, पुढे उणे-ईएनओईएनटी, म्हणजे ‘असं काही नाहीच’. त्याच्या आसपास क्रिप्टसेटपनेही सरळ सांगितलं होतं की कर्नलला एईएस-एक्सटीएस-प्लेन६४ येतं का ते तपासा. पण बूटच्या वेळी ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द असल्याने लोगोच्या पडद्यामागे ते झाकलं गेलं. ग्रबमध्ये ओळीवर येऊन ‘ई’ दाबा, हे दोन शब्द खोडा, मग बूट करा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो, भ्यायचं कारण नाही.

तुमची डिस्क कोणती पद्धत वापरते ते जुन्या कर्नलवर ‘क्रिप्टसेटप लक्सडम्प’ सांगतं. ‘सायफर’ समोर जे लिहिलंय त्यातला प्रत्येक तुकडा कर्नलमध्ये हवा. नव्या कर्नलमध्ये काय आहे ते ‘प्रॉक’मधल्या ‘क्रिप्टो’ फाइलमध्ये दिसतं. बिझीबॉक्समधूनही ती वाचता येते. फक्त एक लक्षात घ्या, त्या फाइलमध्ये चढलेल्या गोष्टीच दिसतात, मॉड्यूल म्हणून पडून असलेल्या नाहीत.

जाता जाता: बऱ्याच याद्यांमध्ये शा-२५६, शा-५१२, व्हर्लपूल असे सगळे हॅश (मजकुराचा ठसा काढणारी सूत्रं) कर्नलमध्ये घाला म्हणून लिहिलेलं असतं. डेबियनवर साध्या लक्सला पासफ्रेजपासून किल्ली काढताना कर्नलचा हॅश लागत नाही. ते काम क्रिप्टसेटप आपल्या लायब्ररीत करतो. पासफ्रेजपासून किल्ली काढणाऱ्या आर्गॉन-२ या सूत्राचंही तसंच, कर्नलच्या मेनूत ते शोधत बसू नका. शा-२५६ कर्नलमध्ये लागतो तो जुन्या सीबीसी-ईएसएसआयव्हीच्या डिस्कला. ठेवलात तर बिघडत काही नाही, पण तो नाही म्हणून एक्सटीएसची डिस्क उघडत नाही असं होत नाही.

तुमचं कुठे अडलंय

वरची माझी कथा एका पायरीची. बाकीच्या पायऱ्यांवरही हेच दुखणं वेगवेगळ्या रूपात येतं, आणि कोणत्या पायरीवर गाडी थांबली हे बघितलं की उपाय जवळपास हाती येतो.

पासफ्रेज विचारलीच नाही आणि थेट कर्नल पॅनिक (कर्नलने हात टेकणं), ‘अननोन-ब्लॉक’ आणि कंसात शून्य-शून्य: कर्नलला इनिटरॅमएफएस मिळाला नाही किंवा उलगडता आला नाही. काहींना वाटतं की डीएम-क्रिप्ट, एक्सटीएस सगळं मॉड्यूल न ठेवता अंगभूत (कर्नलच्याच फाइलमध्ये) केलं की इनिटरॅमएफएस लागणार नाही. लागतो. पासफ्रेज विचारणं हे कर्नलचं काम नाही, ते क्रिप्टसेटप करतो आणि त्याला राहायला डिस्क उघडण्याआधीचं एक घर हवं. म्हणून ‘इनिशियल रॅम फाइलसिस्टम’चा पर्याय चालू असलाच पाहिजे. त्याच्याच खाली दाबपद्धतींची यादी असते आणि छाटणीच्या उत्साहात लोक त्यातल्या ‘न लागणाऱ्या’ काढतात. डेबियनची सध्याची साधनं झेडएसटीडीने दाबतात. तोच पर्याय कर्नलमध्ये नसेल तर पॅनिकच्या बरंच वर एक ओळ निसटून जाते, ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड: कॉम्प्रेशन मेथड झेडएसटीडी नॉट कॉन्फिगर्ड’. फोनवर व्हिडिओ घेऊन मग थांबवत वाचा, मी तेच करतो.

याच पायरीवरचं दुसरं, जास्त कंटाळवाणं कारण म्हणजे बूट पार्टिशन भरलेलं असणं. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलेशनमध्ये बूट वेगळं आणि लहान असतं. घरी बांधलेल्या कर्नलची मॉड्यूल्स डीबगच्या माहितीसकट गेली की इनिटरॅमएफएस काही पटींनी फुगतो, लिहिताना जागा संपते, आणि पॅकेज बसवताना भराभर सरकणाऱ्या ओळींत ‘नो स्पेस लेफ्ट’ कुणाला दिसत नाही. मॉड्यूल्स हाताने बसवत असाल तर ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप’ची किंमत १ द्या. कॉन्फिगमध्ये डीबग माहिती बंदच केली तर बांधणीही हलकी होते. जुने कर्नल काढताना मात्र वितरकाचा एक तरी राहू द्या.

पासफ्रेजच्या आधी ‘वेटिंग फॉर एन्क्रिप्टेड सोर्स डिव्हाइस’ असं म्हणत ताटकळणं: एन्क्रिप्शनपर्यंत गाडी पोचलीच नाही, डिस्कच दिसत नाहीये. एनव्हीएमई डिस्कचा किंवा साटा डिस्कसाठी एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. नवीन इंटेल लॅपटॉपवर आणखी एक खोच असते. बायॉसमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असेल तर एनव्हीएमई डिस्क त्याच्या आड लपलेली असते, आणि कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर वेगळा मागावा लागतो. नुसता एनव्हीएमई घालून ती दिसत नाही. शेलमध्ये ‘डेव्ह’ फोल्डर बघितलं की दोन सेकंदांत कळतं: डिस्कचं नाव तिथे आहे की नाही.

पासफ्रेज विचारली, पण कळ दाबून काहीच होत नाही. आधी हे बघा की अक्षरं उमटत नाहीत म्हणजे कीबोर्ड मेला असं नाही. पासफ्रेज टाइप करताना काही ठिकाणी तारेही दिसत नाहीत. एंटर दाबून काही प्रतिक्रिया येते का बघा. खरंच मेला असेल तर यूएसबी कीबोर्डला एक्सएचसीआय (यूएसबीचा ड्रायव्हर) आणि ‘जेनेरिक एचआयडी’ (कीबोर्ड-माउसचा) दोन्ही लागतात. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बहुधा जुन्या पीएस-टू मार्गानेच जोडलेला असतो, काही नव्या यंत्रांत मात्र आय-टू-सी वर. लोकलमॉडकॉन्फिग चालवलं त्या दिवशी यूएसबी कीबोर्ड जोडलेला नव्हता, एवढंही कारण पुरतं. ब्लूटूथ कीबोर्डवर या टप्प्याला भरवसा ठेवू नका.

कीबोर्डच्याच निमित्ताने आपल्याकडची एक अडचण. इन्स्क्रिप्टवर हात बसलेली माणसं डेस्कटॉपमधून पासफ्रेज बदलताना हौसेने मराठीत ठेवतात. चालत्या यंत्रावर ती स्वीकारलीही जाते, कारण लक्सच्या दृष्टीने ते नुसते बाइट्स. पुढच्या बूटला कन्सोलवर देवनागरी टाइप होत नाही आणि त्याच कळा दाबल्या तरी रोमन अक्षरांचे वेगळे बाइट्स जातात. यात कर्नलचा काही दोष नाही, कितीही वेळा बांधा. चालू यंत्रावर असतानाच ‘लक्सॲडकी’ने रोमन अक्षरांची दुसरी पासफ्रेज जोडून ठेवा. लक्स-१ मध्ये आठ आणि लक्स-२ मध्ये बत्तीसपर्यंत जागा असतात. त्याही पासफ्रेजमध्ये शक्यतो अशीच चिन्हं घ्या जी ब्रिटिश आणि अमेरिकन मांडणीत एकाच कळेवर येतात. ॲट आणि दुहेरी अवतरणाची अदलाबदल हा ठरलेला घोटाळा आहे.

डिस्क उघडली, पण मूळ फाइलसिस्टम सापडली नाही: आत एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडणारी व्यवस्था) असेल तर ते सुरू झालेलं नाही, किंवा एक्स्ट-४ अथवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टमचा पाठिंबा नाही. एलव्हीएमसाठी कर्नलकडून लागतो तो डिव्हाइस मॅपर, जो डीएम-क्रिप्टसाठी आलेलाच असतो. उरलेलं इनिटरॅमएफएसमधल्या साधनांचं काम. आर्च लिनक्स वापरणाऱ्यांनी हुक्सचा (इनिटरॅमएफएस बनवायच्या पायऱ्यांचा) क्रम बघावा. ‘एन्क्रिप्ट’ आणि ‘एलव्हीएम-२’ दोन्ही ‘फाइलसिस्टम्स’च्या आधी, आणि ‘कीबोर्ड’ हा ‘ऑटोडिटेक्ट’च्या आधी, म्हणजे आज न जोडलेला कीबोर्डही उद्या चालेल.

सगळं उघडतं, पण यंत्र रांगतं: एईएस-एनआय असलेल्या प्रोसेसरवर त्याचं मॉड्यूल बूटच्या वेळी हाताशी नव्हतं. डीएम-क्रिप्ट डिस्क उघडताना त्या क्षणी उपलब्ध असलेल्यांतला सर्वाधिक प्राधान्याचा हात निवडतो आणि मग त्यालाच धरून राहतो. नंतर वेगवान मॉड्यूल चढलं तरी उघडलेली डिस्क जुन्याच हाताने चालते. त्यामुळे ‘मॉड्यूल तर चढलेलं दिसतंय, मग हळू का’ असा प्रश्न पडतो. एईएस-एनआय अंगभूत करा, प्रश्न मिटला. वेग मोजायला ‘क्रिप्टसेटप बेंचमार्क’ आहे, पण त्याला कर्नलचा ‘यूजर एपीआय’ लागतो, ‘एएलजीआयएफ-एसकेसायफर’. तो नसेल तर बेंचमार्क अडून बसतो. डिस्क उघडायला तो नसला तरी चालतं, क्रिप्टसेटप दुसऱ्या वाटेने काम भागवतो, म्हणून बेंचमार्कची तक्रार पाहून लगेच घाबरू नका.

जुना कर्नलही नसेल तर

मामेभावाचं हेच झालं. माझा प्रताप बघून त्यानेही हौसेने डिस्क एन्क्रिप्ट करून डेबियन नव्याने टाकलं, महिन्याभराने स्वतःचा कर्नल बांधला आणि जागा हवी म्हणून डेबियनचा काढून टाकला. रात्री फोन: ‘दादा, काहीच येत नाहीये. फॉरमॅट मारू का?’ म्हटलं, ‘अरे थांब, हात लावू नकोस कशाला. लाइव्ह पेनड्राइव्ह आहे ना?’

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करायचं, ‘क्रिप्टसेटप ओपन’ने डिस्क उघडायची, मूळ पार्टिशन माउंट करायचं, त्याच्या आत बूट पार्टिशन माउंट करायचं (हे विसरलात तर नवा इनिटरॅमएफएस बंद कपाटात तयार होतो), ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ बाइंड करायचे, मग ‘सीएचरूट’ने त्या व्यवस्थेच्या आत शिरायचं. आत गेल्यावर वितरकाचा कर्नल परत बसवायचा किंवा ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवायचा. एवढं बहुतेकांना येतं.

फसगत होते ती नावात. डिस्क उघडताना तिला एक नाव द्यावं लागतं. घाईत माणूस काहीही देतो. मामेभावाने ‘माझी’ असं दिलं होतं. पण डेबियनची स्क्रिप्ट माउंट झालेल्या डिस्कचं हेच नाव घेऊन क्रिप्टटॅब फाइलमध्ये शोधते. तिथे नोंद असते ‘एसडीए३_क्रिप्ट’ किंवा तत्सम. नाव जुळलं नाही की एक इशारा छापून ती पुढे जाते आणि इनिटरॅमएफएस तयार होतो तो डिस्क उघडण्याच्या सोयीविनाच. आदेश यशस्वी, बूट मात्र पुन्हा फसलेलं. त्याने हा फेरा दोनदा मारला होता, मला सांगितलं तिसऱ्यांदा. आधी क्रिप्टटॅब वाचा, पहिल्या रकान्यातलं नाव जसंच्या तसं वापरा. आणि तयार झालेल्या इनिटरॅमएफएसमध्ये ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने डोकावून क्रिप्टसेटप, डीएम-क्रिप्ट आणि एक्सटीएस आहेत ना ते रीबूटच्या आधी बघा. अंगभूत केलेल्या गोष्टी तिथे मॉड्यूल म्हणून दिसणार नाहीत, त्यांच्यासाठी बूटमधली त्या कर्नलची कॉन्फिग फाइल पाहायची. ‘क्रिप्टसेटप-इनिटरॅमएफएस’ हे पॅकेजच काढलेलं असण्याची शक्यताही तपासा; नको असलेली पॅकेजं काढणाऱ्या ‘ऑटोरिमूव्ह’च्या झाडूत ते गेलेलं मी एकदा पाहिलंय.

पुन्हा होऊ नये म्हणून

हे दुखणं परत परत येतं कारण आपण दर वेळी मेनूत जाऊन हाताने दुरुस्ती करतो आणि ती दुरुस्ती पुढच्या बांधणीपर्यंत टिकत नाही. नवी आवृत्ती आली, जुनी कॉन्फिग नेली, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवलं. हा आदेश तुम्हाला काही विचारत नाही. एखाद्या पर्यायाची मागची अट सुटलेली असेल तर तो पर्याय गुपचूप गळतो. कॉन्फिग फाइलमध्ये संपादकाने डीएम-क्रिप्टची ओळ लिहिलीत, पण ‘मल्टिपल डिव्हाइसेस’चा वरचा पर्यायच बंद असेल, तर ओल्डडेफकॉन्फिगनंतर तुमची ओळ गायब. चूक नाही, इशारा नाही.

छाटणी करायचीच असेल तर यादी ज्या यंत्रावर कर्नल चालणार त्याची द्या. लॅपटॉपवर ‘एलएसमॉड’चं (चढलेली मॉड्यूल्स दाखवणाऱ्या आदेशाचं) उत्तर फाइलमध्ये साठवा, ती डेस्कटॉपवर न्या आणि लोकलमॉडकॉन्फिगला ‘एलएसमॉड’ या चलातून तिचा पत्ता द्या. फाइल साठवण्याआधी यूएसबी कीबोर्ड, एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह, डॉक, जे काही कधी लागतं ते सगळं एकदा जोडून वापरून घ्या. शिवाय ‘एलएमसी_कीप’ या चलात ‘ड्रायव्हर्स/एमडी’ आणि ‘क्रिप्टो’ हे दोन मार्ग दिलेत की त्या फांद्यांना कात्री लागत नाही. माझ्या मते क्रिप्टो विभाग छाटून वाचणारा वेळ इतका थोडा आहे की तिथे कंजूसपणा करूच नये.

आणि एक छोटी तुकडा-फाइल करा. माझ्या फाइलमध्ये चौदा ओळी आहेत: डिव्हाइस मॅपर, क्रिप्ट टार्गेट, एईएस, एक्सटीएस, एईएस-एनआय, एएलजीआयएफ-एसकेसायफर, इनिटरॅमएफएस, झेडएसटीडी, डेव्हटीएमपीएफएस, एएचसीआय, एक्सएचसीआय, जेनेरिक एचआयडी, एक्स्ट-४, आणि एक चौदावी, जिच्याबद्दल पुढे सांगतो. सगळ्या अंगभूत. छाटणी झाल्यावर कर्नलच्याच ‘स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग’ फोल्डरमधल्या ‘मर्ज_कॉन्फिग’ या स्क्रिप्टने ही फाइल कॉन्फिगमध्ये मिसळायची. ओल्डडेफकॉन्फिगपेक्षा तिचा स्वभाव चांगला: जे मागितलं ते शेवटच्या कॉन्फिगमध्ये आलं नाही तर ती नाव घेऊन सांगते, मागितलं होतं काय आणि मिळालं काय.

पहिल्यांदा चालवली तेव्हाच तिने सांगितलं की क्रिप्ट टार्गेट अंगभूत मागितलं, मिळालं मॉड्यूल. मी मेनूत जाऊन ‘वाय’ दाबला. ‘एम’चा (मॉड्यूलचा) ‘वाय’ (अंगभूत) होईना. अर्धा तास गेला यात. शेवटी तिरकी रेघ दाबून त्याच्या अटी वाचल्या. डीएम-क्रिप्ट कर्नलच्या ‘एन्क्रिप्टेड कीज’ आणि ‘ट्रस्टेड कीज’ या दोन गोष्टींशी बांधलेला आहे. त्या पूर्ण बंद असल्या तर चालतं, अंगभूत असल्या तरी चालतं, पण त्यांतली एकही मॉड्यूल असली तर डीएम-क्रिप्टलाही मॉड्यूलच राहावं लागतं. माझ्या कॉन्फिगमध्ये ट्रस्टेड कीज बंद होती आणि एन्क्रिप्टेड कीज मॉड्यूल होती. ती अंगभूत केली, ‘वाय’ बसला. चौदावी ओळ तीच.

तुकडा-फाइल मामेभावाच्या डेस्कटॉपवर कर्नलच्या फोल्डरशेजारी ठेवली आहे, कारण बांधणी अजून तिथेच होते. त्याने तिला नाव दिलंय ‘दादाची चूक’.